पांढरेवस्तीचं एक मत

"आबासाहेब, चुकून एकदा पडंल मत. तीनदा कसं चुकंल?" बंदेनवाजभाईंनी विचारलं, तसा पारावर हशा पिकला.

आबासाहेब म्हणजे पांढरेवस्तीचे माजी सरपंच, गावाची मतं खिशात घेऊन फिरणारा माणूस. ते म्हणाले, "अरं, म्हातारीकोतारी मान्सं. दिसत न्हाय, बोट घसरतंय. तुज्या नावावर घसरतंय, त्याला आमी काय करनार?"

भाईही हसले. हसण्यावारी न्यायची सवय नसती, तर तीन निवडणुकांत तीनदा अनामत घालवून माणूस इतका टुणटुणीत राहिला नसता.

धंदा चादरींचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून माल उचलायचा, मोटारसायकलला गठ्ठा बांधायचा आणि उजनीच्या पाण्याकाठची गावं फिरायची. दारोदारी रस्त्याच्या, दवाखान्याच्या, एसटीच्या तक्रारी एवढ्या ऐकल्या की एका साली ते जिल्हा परिषदेला अपक्ष उभेच राहिले. मग खोडच लागली. पहिल्यांदा निशाणी कपबशी, मग शिट्टी, मग कपाट. आपटी मात्र तिन्ही वेळा सारखीच. त्यांची बायको सुगराबी म्हणायची, "कपबशी फुटी, शिट्टी बजी नै, कपाट तो खालीच निकल्या."

पण मतमोजणीत भाईंनी एक गोष्ट हेरली होती. पांढरेवस्तीच्या यंत्रात त्यांच्या नावापुढं तिन्ही वेळा एक मत निघालं होतं. ना दोन, ना शून्य. या वस्तीवर त्यांचं नातंगोतं नाही, आपलं म्हणावं असं एक घर नाही. मग हे एक कोण? खरंच कुणी माणूस, की नुसती चूक? इतकी वर्षं हा प्रश्न त्यांच्या मनातून हलत नव्हता.

आभाराची भेट घेऊन विचारायला यायची चोरी होती. उमेदवारानं मतदाराला साधा टॉवेल दिला तरी ती लाच. यंदा जिल्हा परिषदेच्या मतदार गटांची नवी रचना झाली आणि त्यांचा गटच नकाशावरून गेला. त्यातली गावं तीन गटांत वाटून टाकली. भाईंनी निवडणुकीला रामराम ठोकला आणि दुसऱ्याच दिवशी गठ्ठ्यातली सगळ्यांत चांगली, मोरपंखी चादर काढून पांढरेवस्ती गाठली. आता लाच नाही, नुसते आभार.

पारावर चादर बघताच चौघांनी हात वर केले. "म्याच दिलं की!" भाईंनी निशाणी विचारली, तर एकानं विहीर सांगितली, दुसऱ्यानं विमान. उरलेल्या दोघांनी हात आपसूक खाली घेतले. चूकच असणार, असं भाईंनी मनाशी मान्य केलं, आणि ते त्यांना फार लागलं.

जाता जाता ते आबासाहेबांच्या दारात पाण्यासाठी थांबले. आबासाहेबांच्या पत्नी बजाबाई तांब्या घेऊन आल्या. भाईंनी पाणी पिऊन पारावरची गंमत सांगितली, बोट घसरल्याचीसुद्धा.

बजाबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बोट घसरतंय व्हय? दर खेपंला निशाणी बदलत व्हता तुमी! कपबशी, शिट्टी, कपाट! तुमचं पत्रक पिठाच्या डब्याखाली दडवून पाठ करावं लागायचं. म्हनं बोट घसरतंय!"

 भाईंनी घाईघाईनं चादर उलगडली आणि दोन्ही हातांवर धरून पुढं केली.

बजाबाईंनी काठ चाचपून बघितला. "लई झ्याक हाय. पन नगं."

"आक्का, आता मी उमेदवार न्हाय."

"तुमी नसाल. म्या मतदार हाय न्हवं? घेतली तर मत इकल्यागत व्हईल."

"पन मलाच का दिलं?"

"पैल्या खेपंला तुमी दारात आलता. मालक घरी न्हाईत म्हनलं, तर तुमी म्हनला, मालकाचं मालकाला मागतो, तुमचं तुमाला मागतो. आन् हात जोडलं." त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. "लगीन हून आले तवापास्नं ह्या घरात मतं मागायला लई येत्यात. समदे मालकाला मागत्यात. घरात पाच मतं हायती, म्हनत्यात. माजं मत मला कुनी मागितलं न्हवतं."

भाईंना यातलं काहीच आठवत नव्हतं. किती दारांत हात जोडले होते, त्यातलंच हे एक. त्यांचे डोळे भरून आले. निवडून आलेल्यांनाही कुणी एवढं दिलं नसेल, असं त्यांना मनापासून वाटलं. आपण तीनदा हरलो, हे आता खरं वाटेना.

"मेहरबानी, आक्का," ते म्हणाले. त्यांनी चादर घडी करून काखेत घेतली.

बजाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. "आता कवा उभं ऱ्हाताय? निशाणी तेवडी येळंवर कळवा."

"आता न्हाय, आक्का. आपला गट मोडला. तुमचं गाव एकीकडं गेलं, माजं दुसरीकडं. तुमच्या यंत्रावर माजं नाव येनार न्हाय."

 पाराकडून आबासाहेबांचं हसणं ऐकू येत होतं.

"मंग आता," त्यांनी हळूच विचारलं, "मला मागायला कोन येनार?"