गुरुवारच्या पेशी

दादाने मायक्रोस्कोपला शेवटचा डोळा लावून अकरा वर्षं झाली होती. पण तुटलेल्या गुणसूत्रांवर भाषण ठोकायला उभा राहिला, की वाटावं हा पेशीच्या पोटातच लहानाचा मोठा झालाय. मोजायचं काम धाकटीचं. धाकटी म्हणजे त्याची सख्खी बहीण, सव्वीस वर्षं त्याच्याच प्रयोगशाळेत. मान मोडेस्तोवर मोजायचं तिने, हार घालून घ्यायचे याने.

दादाची सगळी कीर्ती एका पांढऱ्या भुकटीवर उभी होती. रक्तावर क्ष-किरण सोडले की पेशींतली गुणसूत्रं तुटतात आणि भलत्याच टोकांना जुळतात. ही भुकटी घातली की पेशी ती तूटफूट दुरुस्त करते, असं दादाचं म्हणणं. रीत ठरलेली: सोमवारी सकाळी दहाला रक्ताच्या बाटल्या उबेत ठेवायच्या, बुधवारी दहाला काढायच्या, स्लाइडवर घेऊन मोजायच्या. बुधवारीच का? दादाच्या गुरूंनी तसं सांगितलं होतं. पुढे अक्कल खर्च करायची दादाला गरज वाटली नाही. आता हीच भुकटी रोग्यांना द्यायच्या परवानगीचा अर्ज जाणार होता. तिच्या भरवशावर डॉक्टर किरणांची मात्रा वाढवणार होते.

एका बुधवारी पेशी खाली बसवायचं फिरतं यंत्र बंद पडलं. मिस्त्री गुरुवारी उगवला. धाकटीने बाटल्या एक दिवस उशिरा काढल्या आणि पहिल्याच स्लाइडवर तिचा हात थबकला. एका कंबरेऐवजी भलत्या जोडणीने दोन कंबरांची झालेली गुणसूत्रं, कड्या, तुकडे; नुसता राडा. स्लाइडवर फक्त नंबर असतो, म्हणून तिने यादी काढून पाहिली. भुकटीचीच होती.

पुढचे तीन आठवडे तिने गुपचूप अर्ध्या बाटल्या बुधवारी काढल्या, अर्ध्या गुरुवारी. भुकटीच्या बुधवारी स्वच्छ, गुरुवारी मोडक्या; बिनभुकटीच्या दोन्ही दिवशी सारख्याच मोडक्या. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि स्वतःचीच शिसारी आली. गुणसूत्रं दिसतात ती पेशी दुभंगताना. भुकटी जखमी पेशीला बरं करत नव्हती, नुसतं रेंगाळत ठेवत होती; ती दुभंगायची गुरुवारी. लंगडणारे मागून येत होते, आणि हे दोघं बहीणभाऊ बुधवारी दार लावून जगाला सांगत होते, इथे कुणी लंगडत नाही.

ती दादाच्या केबिनमध्ये गेली.

"दादा, भुकटी काही जोडत नाही. नुसता उशीर करते."

"इथे सर म्हणायचं."

"बरं. सर, भुकटी नुसता उशीर करते."

"तुझ्या हातून बाटल्या बिघडल्या असतील."

"तीनदा? आणि बिनभुकटीच्या तेवढ्या बऱ्या नाही बिघडल्या!"

"हे बघ, तू मोजणारी. अर्थ मी लावतो."

"मग लाव की. मायक्रोस्कोप शेजारच्या खोलीत आहे. वाट दाखवू?"

दारात कारकून कान टवकारून उभा होता, म्हणून दादा उठला. स्टुलावर बसला, दोन्ही चाकं फिरवली. "दिवा गेलाय याचा."

"दिवा ठीक आहे. बटण दाबायचं असतं."

मग त्याला दिसलं. मानेपर्यंत लाल झाला. क्षणभर धाकटीला वाटलं, आता तरी माणसासारखं बोलेल.

"मी महिन्याने निवृत्त होतोय," तो हळूच म्हणाला. "तोवर गप्प बस. अर्जावर मोजणीची सही तेवढी कर."

"रोग्यांवर जास्त किरण पडतील, दादा."

"रोगी कुठे गुणसूत्रं मोजायला येतात?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. बुटाला काय लागलंय ते पाहावं तसं. मग टेबलावरचा अर्ज उचलला, सहीच्या जागेवर लिहिलं: 'सव्वीस वर्षं मोजणी चुकीच्या दिवशी झाली. मोजणारी मी. गुरुवारचे आकडे जोडले आहेत. भुकटी दुरुस्ती करत नाही.' खाली सही ठोकली, आकड्यांचे कागद टाचले आणि जिना उतरून परवानगी देणाऱ्या समितीच्या खिडकीकडे निघाली.

"अगं, वेड लागलंय का? थांब!" दादा मागून धापा टाकत आला. तो पोचेस्तोवर शिक्का बसला होता. खिडकीतल्या बाईंनी मजकूर वाचून वर पाहिलं.

"एवढी मोठी चूक? कुणी पकडली ही?"

दादाने श्वास घेतला, कोट सारखा केला आणि हसला. "आम्हीच, बाई. माझ्याच देखरेखीखाली. माझं नाव वर घ्या."

"घ्या, घ्या," धाकटी म्हणाली. "सव्वीस वर्षं चूक कुणी केली हेही विचारतील. तिथेही त्यांचंच नाव वर घ्या, खाली माझं."