छप्पन्न अंशांची आंघोळ

एकतीस वर्षं मी या प्रयोगशाळेत नाकाने कांदे सोलले. नळीवरची चिठ्ठी जरा वाकडी लागली तरी मी डॉक्टरांनासुद्धा सुनावत असे. म्हणून ही गोष्ट मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल.

आम्ब्रुश मेंढपाळ दर सोमवारी होर्तोबाजच्या माळावरून आपल्या मेंढीचं रक्त बाटलीत घेऊन येतो. आमच्या एका तपासणीला मेंढीच्या तांबड्या पेशी लागतात. माणसाच्या रक्तात पूरक प्रथिनं नावाची फौज असते. परकी पेशी दिसली की ती तिला भोकं पाडून फोडते. मेंढीच्या पेशी फुटून सगळी नळी लाल आणि नितळ झाली, की समजायचं फौज ठणठणीत आहे. नाही फुटल्या, तर तळाशी लाल टिकली बसते आणि वर नुसतं पाणी.

बाटली दिली की आम्ब्रुश बाकावर बसून शीळ घालायचा.

"अरे, ही प्रयोगशाळा आहे, कुरण नाही!"

"मग तुमच्या नळ्या चरायला सोडल्यासारख्या का पसरल्यात, एटेल्काताई?"

हे असं दर सोमवारी.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या लेकीला, इल्काला, मेंदूज्वर झाला. पोरगी वाचली. सप्टेंबरात तिला बुडापेस्टला गुरांची डॉक्टर व्हायला जायचं होतं, वसतिगृहात जागाही मिळाली होती. पण आमचे डॉक्टर वरादी म्हणाले, आधी तिची पूरक प्रथिनं तपासू. ती नसतील तर हा आजार उलटतो, मग गर्दीच्या वसतिगृहात राहायला नको.

तपासणी मीच केली. तळाशी लाल टिकली. शून्य.

डॉक्टरांनी आम्ब्रुशला समोर बसवलं. "काका, कोल्हा आला की तुम्ही कुत्रे सोडता. त्यांना परत कोण बोलावतं?"

"मीच. शीळ घालून."

"रक्तातही अशी शीळ घालणारी प्रथिनं असतात. काम झालं की ती फौजेला आवरतात, तिचे तुकडे करून तिला निकामी करतात. अजून तपासावं लागेल, पण मला वाटतं, इल्काच्या रक्तात शीळ घालणाराच नाही. कुत्रे दिवसभर उगाच धावून दमतात, आणि खरा कोल्हा आला की एकही उठत नाही."

"माझ्या घरात शीळ घालणारा नाही?" आम्ब्रुश एवढंच बोलला आणि टोपी चुरगाळत निघून गेला.

पुढच्या सोमवारी तो आला, बाटली ठेवली आणि गप्प बसला. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं भांडले, ती मिळाली आणि मला सोसवेना.

"इल्का काय म्हणते?" मी विचारलं.

त्याने खिशातून पाकीट काढलं. "जागा नको म्हणून पत्र लिहिलंय तिनं. आता जाताना टाकतो." मग पाकीट उलटंसुलटं करत म्हणाला, "एक विचारू, ताई? तिच्या नळीचं तर तुम्ही किती केलंत. मी इथंच होतो. त्या गरम पाण्यात चांगली अर्धा तास आंघोळ घातलीत, सगळ्यांच्या नळ्यांबरोबर. तरी असं कसं झालं?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ते गरम पाणी म्हणजे छप्पन्न अंश. दुसऱ्या तपासण्यांच्या वेळी ही प्रथिनं मध्ये लुडबुडतात, म्हणून सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, अर्धा तास त्यात ठेवून आम्ही त्यांना मुद्दाम निकामी करतो. आणि इल्काची तपासणी नेमकी त्यांचीच! एकतीस वर्षांची सवय. नळी हातात आली की हात आपोआप तिकडे वळतो. पोरीचे कुत्रे दमले नव्हते. मीच त्यांना उकडून काढलं होतं.

"आम्ब्रुश, मी गाढव आहे!"

तो दचकला. "मी असं कधी म्हटलेलं नाही."

"आज म्हण! मोठ्यानं म्हण! आणि ते पाकीट आधी इकडे दे."

डॉक्टरांपुढे मान खाली घालून सगळं कबूल केलं. चिठ्ठ्यांवरून त्यांना किती बोलले होते मी! ते म्हणाले, "ताजं रक्त घेऊ." मिशीतल्या मिशीत हसले मात्र.

दुपारच्या बसने इल्का आली. या वेळी तिचं सीरम बर्फात ठेवलं, आणि गरम पाण्याच्या भांड्यावर मी माझा कोट टाकला, हात वळायलाच नको. मग बापाच्या मेंढीच्या पेशी आणि लेकीचं सीरम एका नळीत घातलं आणि ती अंगाच्या उबेइतक्या पाण्यात ठेवली. चौघंही घड्याळाकडे बघत बसलो. इल्काने माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतली.

वेळ झाली. नळी काढून मी खिडकीशी धरली. टिकली नव्हती. वरपासून खालपर्यंत लाल, नितळ, सोड्यात घातलेल्या रासबेरीच्या सरबतासारखी.

"फुटल्या?" आम्ब्रुशने विचारलं.

"सगळ्या! एकूण एक!"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आम्ब्रुशला शीळ घालायची होती, पण त्याचे ओठ इतके थरथरत होते की नुसती हवा निघाली. तेव्हा इल्काने दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ घातली, की काचेची कपाटं झणझणली आणि शेजारच्या खोलीतून दोघी धावत आल्या.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता ही ओरडणार म्हणून.

"बघतेस काय?" मी म्हटलं. "आणखी एकदा घाल!"