तळहातावरचा घट्टा

मी घट्टा बोलतोय. दचकू नका. एका तेरा वर्षांच्या पोरीच्या उजव्या तळहातावर, मधल्या बोटाच्या मुळाशी माझं घर. लोखंडी दांडीवर झोके घेऊन कोलांट्या मारायचा खेळ खेळते ती. घासून घासून आधी फोड आला, तो फुटला आणि त्या जागी मी आलो. मेलेल्या कातडीचा थर म्हणजे मी. मेलोय, तरी वाढतो.

घरीदारी तिला सगळे ठमी म्हणतात. "ठमे, तो घट्टा वज्रीने घासत जा," खेळ शिकवणाऱ्या बाई रोज बजावायच्या. "जाड झाला की दांडीला अडकतो आणि खालची जिवंत कातडी घेऊन निघतो!"

ठमी "हो हो" म्हणायची आणि न्हाणीघरात नळ सोडून नुसती बसायची. वज्री कोरडीच! तिला वाटायचं, मी जितका जाड, तितके तिचे हात पक्के. "बघ, टाचणी टोचली तरी कळत नाही," असं मैत्रिणींना ऐटीत दाखवायची. वर्गात बसल्या बसल्या तिची मूठ आपोआप वळायची, तेव्हा मी आतून आणखी थोडा वाढायचो. का, ते मलाही ठाऊक नाही. जीव जडला होता माझा, एवढं खरं.

निवड चाचणीचा दिवस उजाडला. संघात एकच जागा उरली होती. हाताला पांढरी पूड चोळून ठमी दांडीला लटकली. दोन झोके झक्कास झाले. तिसऱ्याला ती फिरली, मी फिरलो नाही. मी दांडीला धरून बसलो.

ती गादीवर कोसळली. तळहातावर बटणाएवढी लालभडक जागा उघडी पडली होती, आणि मी वर, दांडीवरच्या पांढऱ्या पुडीत चिकटलेला. संघातली जागा दुसरीला गेली. बाईंनी मला सँडपेपरने खरवडून काढलं. वाटलं, सुटली बिचारी माझ्या तावडीतून.

पंधरा दिवसांनी पट्टी निघाली. "किती मऊ कातडी आलीय गं," म्हणत आईने तिथे हलकेच ओठ टेकवले आणि ती कामाला गेली.

महिन्याभराने पुन्हा चाचणी होती. ठमीने गॅलरीचा गज धरला आणि ती कोवळी जागा त्यावर करकरा घासायला लागली. दात आवळलेले, डोळ्यांतून धारा.

"लवकर ये ना रे," ती पुटपुटली. आसपास कोणी नव्हतं. माझ्याशीच बोलत होती.

तिच्या आईला कोणीतरी सांगा हो! मला थांबता येत नाही. हाक आली की यावंच लागतं.

आलोच बघ, ठमे.