होळीवर चढलेले बांबू

नानाजीच्या अंगणात पाय ठेवला आणि फरहाच्या तोंडचं पाणी पळालं. कुंपणाला टेकवून ठेवलेली वाळक्या बांबूंची मोळी जागेवर नव्हती. त्या बांबूंच्या पोकळ पेरांत अंगठ्याएवढे काळे भुंगे राहत होते, आणि फरहाचा सगळा जीव त्या भुंग्यांत अडकला होता.

भुंगा म्हटलं की लोकांना घराचे वासे पोखरणारा उपटसुंभ आठवतो. वांग्याचं फूल धरून गदागदा हलवणारा आणि तुरीचं फूल उघडून फळ धरवणाराही तोच, हे कोण लक्षात ठेवतो? कुरखेड्याच्या आसपासच्या गावांत गेली काही वर्षं तो दिसेनासा झाला होता. फरहा नागभीडच्या लियाकत टेलरची मुलगी, विद्यापीठात कीटकांवर संशोधन करणारी. गावोगाव वाळके बांबू चिरून पाहिल्यावर तिला कारण सापडलं. आत अळ्या काळ्या पडून सडत होत्या. रोग एका गावातून दुसऱ्या गावात सरकत होता आणि ती नुसती बघत होती. मग या गावातल्या नानाजी शेतकऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर ही मोळी मिळाली. रोग इथेही पोचला होता, पण इथल्या अळ्या त्याला पुरून उरत होत्या. कशा, ते तिला अजून उमगलं नव्हतं. यांची वीण वाढवायची आणि भुंग्यांवाचून उजाड झालेल्या गावांत ते सोडायचे, एवढी एकच आशा उरली होती. अशी दुसरी मोळी तिला सगळं जंगल पालथं घालूनही मिळाली नव्हती.

"भागीरथाबाई, मोळी कुठी गेली?"

नानाजीची बायको चुलीपुढे पुरणपोळी लाटत होती. "होळीची पोरं घेऊन गेली असन. तू बाहेर काऊन ठेवली होती, पोरी? घरातल्या लाकडाले कोणी हात लावत नाई. बाहेरचं लाकूड होळीचं."

माळा उन्हाने तापतो म्हणून फरहानेच ती मोळी मोठ्या मायेने खाली, कुंपणाच्या सावलीत आणून ठेवली होती. नागभीडला तिच्या मोहल्ल्याशेजारच्या होळीचं लाकूड वखारीतून विकत यायचं. इथे ते अंगणातून पळवायचं असतं आणि पळवलेलं परत मागायचं नसतं, हे तिला कोण सांगणार? एवढं शिकली, पण असलं काही पुस्तकात थोडंच असतं!

ती चौकाकडे पळत सुटली. दिवस बुडाला होता. होळी रचून झाली होती, बायका नैवेद्य दाखवून मागे सरल्या होत्या आणि तिची मोळी मधोमध, ओंडक्यांच्या खाली दाबलेली होती. होळी पेटवायचा मान नानाजीच्याच घराचा. तो हातात गवताची चूड घेऊन उभा होता.

"नानाजीभाऊ, पाया पडते तुमच्या. तेवढे बांबू काढून द्या. बदल्यात गाडीभर लाकूड आणून टाकते."

नानाजीचा चेहरा उतरला. "होळीवर चढलेलं लाकूड खाली येत नाई, बाई. गावावर संकट येते."

"त्यात जीव आहेत जी! हे गेले तर कुठीच उरणार नाई."

"माही वांग्याची वाडी त्याइच्याच भरवशावर आहे. मले का समजत नाई? पण मी एकट्यानं कसं करू?"

"जळू द्या नं," मोळी उचलून आणणारा धनराज मागून हसला. "माह्या घराचे वासे खाऊन राह्यले ते."

फरहा पुढे झाली. तिने ओंडक्यांच्या फटीतून हात घालून एक बांबू धरला. आत घूंऽऽ असा आवाज झाला आणि तिच्या तळव्याला त्याची थरथर जाणवली. ते जिवंत होते. एक हिसडा दिला असता तर कदाचित निघालाही असता.

"ते पाहा, होळीले हात लावून राह्यली!" कुणीतरी ओरडलं.

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. पुढचं वाक्य कुणीही बोललं नाही, पण फरहाला ते ऐकू आलं. तिच्या नावासकट, अब्बूच्या दुकानासकट. तिने हात काढून घेतला. स्वतःची इतकी घृणा तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नानाजीने जमेल तेवढा उशीर केला. होळीभोवती रेंगाळत फिरला, काठीने बांबू ठोकत राहिला, की एखादा तरी बाहेर पडेल. ठोकल्यावर भुंगा आणखी आत सरकतो. शेवटी पोरांनी बोंब ठोकली आणि त्याने मान फिरवून चूड लावली.

धूर आत शिरला तसे भुंगे बाहेर पडले. अंधारात त्यांना एकच उजेड दिसत होता आणि ते त्याच्याकडेच वळत होते. फरहाने ओढणी सोडून तिची झोळी केली आणि ज्वाळांच्या तोंडाशी जाऊन उघड्या हातांनी एकेक भुंगा झेलू लागली. भागीरथा धावली, तिने पदर पसरला. फरहाच्या बाहीला झळ लागली तेव्हा धनराजनेच तिला दंडाला धरून मागे ओढलं आणि समोरून जाणारा एक भुंगा टोपीत पकडून तिच्या ओढणीत टाकला. आता कुणी हसत नव्हतं.

ओंडके मोळीवर कोसळले. मग काहीच बाहेर आलं नाही.

"पाह्य पोरी, पदर भरून वाचले!" भागीरथाला धाप लागली होती. "अन् एकही चावला नाई आपल्याले. होळीमाय पावली तुले."

फरहा जागच्या जागी थिजली. इतके भुंगे मुठीत धरले, आणि एकही चावला नव्हता. तिने ओढणीचं टोक उघडून मोबाइलचा उजेड पाडला. एक पाहिला, दुसरा पाहिला, मग भागीरथाच्या पदरातलेही सगळे चाळून काढले. सगळे नर होते. भुंग्यांत नांगी असते ती मादीला. लाकूड कोरून घर करते ती मादी, अंडी घालते तीही मादीच. नर उडून आले होते. माद्या अळ्यांपाशी, आत बसून राहिल्या होत्या.

नानाजी जवळ आला. त्याचे डोळे धुराने की कशाने लाल झाले होते. "बाई, एवढ्यावर भागते नं तुमचं? पुन्हा होतीन नं भुंगे?"

धनराजही उत्तराची वाट बघत उभा होता.

"होतीन, भाऊ," फरहा म्हणाली, आणि ओढणी छातीशी धरून रडू लागली.