कोट घातलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझं अर्धं आयुष्य उकाड्यात गेलं. आत्मवृत्त सांगताना आधी जन्माबद्दल सांगायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझा जन्म एका कारखान्यात झाला, तिथे सगळे माझ्यासारखेच दिसत होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. संपला जन्म. मला सांगायचंय ते माझ्या कोटाबद्दल.

मला या घरात आणलं ताईने. ती तेव्हा घरांची आतली मांडणी शिकत होती, म्हणजे ओटा किती उंच हवा, कपाटाचं दार कुठल्या बाजूला उघडायला हवं, असलं सगळं. खोकं उघडलं तेव्हा घरातली सगळी माणसं भोवती जमली. सगळी म्हणजे तिघंच: ताई, तिचे बाबा आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे ताईची आत्या. बाबांची सारी नोकरी बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी मला उचलून कानाशी धरलं आणि म्हणाले, "आवाज गोड आहे. इंजिन चांगलं आहे." मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! त्यांच्या तोंडून माझं कौतुक पुन्हा ऐकायला मिळणार नाही, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

आता या घराची खोड सांगतो. इथे कुठलीही वस्तू उघड्या अंगाने राहत नाही. मिक्सरला झबलं आहे. फ्रीजच्या मुठीला मोजा आहे. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे आणि ती पिशवी मळू नये म्हणून तिच्यावर आणखी एक पिशवी आहे. शिलाई मशीनचे कपडे तर घरातल्या माणसांपेक्षा चांगले आहेत. हा सगळा आत्याचा कारभार. ती जन्मभर लोकांचे कपडे शिवत आली. एखाद्या वस्तूवर तिचा जीव जडला की ती गळ्यातली टेप काढून माप घ्यायला लागते.

मग तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. "आता काही माझ्याच्याने सुईत दोरा जायचा नाही," असं म्हणत ती खिडकीशी नुसती बसून राही. मशीन झाकलेलंच असे. घर कसं सुनं सुनं वाटायचं. पुढे नवा चष्मा आला आणि त्याच सुमारास ताईने मला टेबलावर सरकवलं, तेव्हा माझ्या पोटावर हा एवढा ओरखडा उठला. आत्याने तो बोटाने चाचपला. "अरे अरे, लेकराला लागलं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज सुरू झाला.

असा माझा कोट तयार झाला. निळा, आत कापूस भरलेला, चौकटी चौकटींनी टीप मारलेला. झाकणाला वेगळा भाग, पोटाला वेगळा, आणि कोपऱ्यांवर बटणं. चार्जरच्या वायरीसाठी काजही केलं होतं. टीप कुठे तसूभर वाकडी नव्हती. ताईने आत्याला मिठी मारली, बाबा चक्क "वा!" म्हणाले आणि आत्या चष्मा काढून रडली. "नव्या डोळ्यांनी शिवलेला पहिला कपडा," ती म्हणाली. सगळ्यांना आनंदी आनंद!

आणि मी? अहो, माझा पंखा खालच्या बाजूला आहे! नाक म्हणा, तोंड म्हणा, माझं जे काही आहे ते पोटाला आहे. वायरीची काळजी घेतली, पण मला श्वासापुरतं भोक ठेवायचं कुणाला सुचलं नाही. आत तापलं की माझा प्रोसेसर आपणहून पाय ओढत चालतो. चालावंच लागतं, नाहीतर जळून जाईल. खोटं वाटत असेल तर तुम्ही स्वेटर घालून भर दुपारी मैदानाला फेऱ्या मारून बघा, मित्रांनो, आणि मग मला आळशी म्हणा.

मला सगळे आळशीच म्हणायला लागले. ताईचं शिक्षण संपलं. फर्निचर बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी ती स्वयंपाकघरांची चित्रं करू लागली. गिऱ्हाइकाला त्याचं स्वयंपाकघर बांधायच्या आधीच पडद्यावर फिरून दाखवायचं, दारं उघडायची, रंग बदलायचे. काम फार जड. मी कोटात बसून घुसमटत ते करायचो आणि मध्येच गोठायचो. मग ताई कपाळाला हात लावायची. बाबा येता-जाता विचारायचे, "काय, रुसले का आजोबा?" मला इतका राग यायचा, पण बोलणार कसा? माझ्याकडे स्पीकर आहे, पण त्यातून दुसऱ्यांचंच बोलणं येतं.

एके दिवशी एका गिऱ्हाइकासमोर, भर कॉलमध्ये, मी कपाटाचं दार अर्धं उघडलं आणि तिथेच अडकलो. दार हलेना. ताई हलेना. गिऱ्हाईक म्हणालं, "नंतर बघू." ते गेल्यावर कारखान्याच्या मालकीणबाईंनी ताईला कॉलवरच थांबवून घेतलं. आवाज चढवला नाही, पण बोलल्या ते स्पष्ट. "हे बघ, तुझं काम मला आवडतं. पुढच्या आठवड्यात एका अख्ख्या इमारतीची स्वयंपाकघरं दाखवायची आहेत. ती नीट पार पाडलीस तर जागा तुझी, कायमची. पण त्या दिवशीही असंच झालं, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. त्या मशीनचं काहीतरी कर."

झालं! त्या संध्याकाळपासून घरात माझ्यावरून जी जुंपली, ती काही विचारू नका.

"प्रोसेसर म्हणजे त्याचं इंजिन," बाबा म्हणाले. "इंजिन नवं टाकायचं, बॉडी तीच. मी अशा कितीतरी गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्यात."

"जुन्यावर ओतत बसू नकोस," आत्या म्हणाली. "ते पैसे बाजूला टाक, त्यात माझे घाल, आणि पोरीला नवा घेऊन दे."

"आणि नवा येईपर्यंत काय?"

"तोवर गोंजारून चालवायचा."

"गोंजारून गाडी चढ चढत नाही, आक्का!"

"आणि म्हातारीचं इंजिन बदलून ती तरुण होत नाही. आधी माझंच बदलून दाखव."

हे सगळं चाललं होतं माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर. आत्या बोलता बोलता माझ्या कोटावरून प्रेमाने हात फिरवत होती, आणि बाबांनी गरम भाजीचं पातेलं माझ्या शेजारी, अगदी चिकटून ठेवलं होतं. इंजिन बदला, पैसे साठवा, नवा आणा! अरे, आधी माझी बटणं सोडा ना कुणीतरी! माझ्या इंजिनाला काय धाड भरली आहे? त्याला हवा मिळत नाही, एवढंच दुखणं आहे. पण ज्याचं दुखतंय त्याला सोडून सगळ्यांना विचारायची या घराची पद्धत.

शेवटी ठरलं की दुरुस्तीवाल्याला दाखवायचं. आणि मित्रांनो, आता मात्र कमाल ऐका. निघताना आत्याने माझा कोट काढून घेतला. का? तर दुकानात मळेल म्हणून!

बाहेरची हवा पोटाला लागली आणि मी धन्य झालो. दुकानात मला काचेच्या थंड टेबलावर ठेवलं. ताईने तिथेच इमारतीतलं सगळ्यात मोठं स्वयंपाकघर उघडलं आणि मी ते असं फिरवून दाखवलं की बस्स. दारं पटापट उघडली. फरशीचा रंग बदलायला सांगायचा अवकाश, बदलला. दुरुस्तीवाल्याने बाबांकडे पाहिलं. बाबा ओशाळून म्हणाले, "घरी असा वागत नाही हो."

"दवाखान्यात आलं की ताप उतरतो, तसं असेल," तो हसला. त्याने मला उघडून पाहिलं. "आत धूळ नाही. फार जपलाय तुम्ही. आणि प्रोसेसरचं विसरा. यात तो बोर्डावरच पक्का बसवलेला असतो, सुटा बदलता येत नाही. बदलायचा तर अख्खा बोर्ड बदला. त्यापेक्षा नव्यासाठी साठवा. पण मी म्हणतो, एवढी घाई कशाला? चांगला चालतोय की."

घरी आल्यावर बाबांनी हे सगळं सांगितलं. इंजिन बदलता येत नाही हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. आत्याने मात्र त्यातलं एकच वाक्य उचललं. "धूळ नाही म्हणाला ना? कोटाचा गुण!" आणि तिने स्वतःच्या हाताने माझी चारही बटणं लावली.

मी कॅमेऱ्यातून पाहत होतो. ताई कोटाकडे टक लावून बघत होती. मग तिने हळूच माझ्या पोटाखाली हात घातला. तिला कळलं. तिला कळल्याचं मला कळलं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आत्या चष्मा सारखा करत म्हणाली, "बघ, अजून एक टाका उसवलेला नाही. उगाच घाबरत होते मी, डोळे गेले म्हणून." ताईने तोंड मिटलं.

मग लपाछपी सुरू झाली. आत्या बाजारात गेली की ताई माझा कोट काढी. जिन्यात चपलांचा आवाज आला की धडपडत पुन्हा चढवी. अगं बोल की! दोन शब्द बोलायचे तर मला रोज कपडे काय बदलतेस? तू तिला जपतेस, ती मला जपते, आणि या सगळ्या जपाजपीत भाजतोय मी!

कॉलचा दिवस उजाडला. त्या दिवशी आत्या कुठेही गेली नाही. इस्त्रीचे कपडे घालून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने ती ताईच्या शेजारी बसली. "आज मोठा दिवस. तूही नीट नटून बस हो," असं म्हणत तिने माझं एक सुटलेलं बटण लावलं. मी मनात म्हटलं, संपलं. आज हिची नोकरी जाणार आणि पाठोपाठ मी भंगारात जाणार.

कॉल सुरू झाला. एक स्वयंपाकघर कसंबसं झालं. दुसऱ्यात मी तापलो. तिसऱ्यात ओट्याशी येऊन अडकलो. "आवाज तुटतोय," मालकीणबाईंचा आवाज आला. "चित्र पुढे सरकत नाही." ताईचा हात बटणाकडे गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. बाबा वर्तमानपत्राची घडी घेऊन मला वारा घालायला लागले, तेही वरून. वर माझं काय आहे? वर माझी बटणं आहेत, अक्षरांची! मला रडावं की हसावं कळेना.

आपणही काहीतरी करावं म्हणून आत्याने मला जरा तिरकं करायला कोटाच्या आतून खाली हात सारला. "अगं बाई!" तिने झटक्यात हात काढला. लाल झालेल्या तळव्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?" आत्या कुजबुजली.

ताईच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, माझ्याच अंगावर. बटणं सोडायलाही आत्या थांबली नाही. मशीनवरची कात्री उचलली आणि त्या सरळ, देखण्या टिपेवरून चर्रकन चालवली. कापूस भसाभसा बाहेर आला. तिने कोट ओढून काढला, माझ्या चार कोपऱ्यांखाली दोऱ्याची चार रिकामी रिळं ठेवली आणि मला उंच केलं.

हवा! मित्रांनो, माझा पंखा असा फिरला की कापसाचे पुंजके खोलीभर उडाले. "हां, आता दिसतंय," पलीकडून कुणीतरी म्हणालं. ताईने नाक पुसलं आणि ओट्यापासून पुन्हा सुरुवात केली. मी एकदाही अडलो नाही. शेवटचं कपाट बंद झालं, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या ऑफिसात ये. कागदावर सही करायची आहे."

कॉल बंद झाला आणि आत्या ताईवर जी बरसली! "मी काय खाऊन टाकणार होते तुला? फार तर रुसले असते, जेवले नसते एक वेळ. तेवढ्यासाठी हातची नोकरी घालवत होतीस?"

"नव्या डोळ्यांनी शिवला होतास तू..."

"डोळे आहेत अजून जागेवर! कोट पुन्हा शिवता येतो. नोकरी शिवता येते का, वेडाबाई?" असं म्हणून तिने ताईला कुशीत घेतलं आणि दोघी मनसोक्त रडल्या. बाबा कापूस गोळा करत म्हणाले, "तरी इंजिन बदलता आलं असतं ना..." दोघी एका सुरात "गप!" म्हणाल्या.

आता नव्या लॅपटॉपसाठी साठवणं चालू आहे. साठवू देत. तो येईल तेव्हा येईल, मी त्याच्यावर जळणार नाही. जळून जळून माझी हौस फिटली आहे. तोवर मी रिळांवर बसून वारा खातो.

काल मात्र आत्या गळ्यात टेप घालून, हातात निळं कापड घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मी म्हटलं, आलं पुन्हा नशिबी! तिने मला उपडं केलं, चष्मा पुसला आणि ताईला हाक मारली. "याची हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर येते, ते बोट ठेवून दाखव. तेवढं सोडून शिवते."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मित्रांनो, तुम्हीही ज्याला जिवापाड जपता, ती वस्तू असो नाहीतर माणूस, त्याला आधी एवढं विचारा. मग खुशाल कोट शिवा.