लायब्ररी कोणासाठी

मिशनच्या विद्यापीठाच्या तपासणीला समिती येणार म्हणून ग्रंथपाल लोपीसबाईंनी आठवडाभर एकाही पोराला लायब्ररीत फिरकू दिलं नाही. मेली पोरं पुस्तकं हाताळतात, मळवतात! चिखलोली गावची धूळ काय कमी होती?

तपासणीच्या सकाळी समिती फाटकाशी आली आणि कुलगुरू फादर धावत आले. “अहो, वाचक कुठायत?”

बाईंनी झाडू मारणाऱ्या कौसाबाईलाच खुर्चीत बसवलं आणि हाताला लागलं ते पुस्तक, विद्यापीठाचा इतिहास, तिच्यापुढे उघडलं. समिती खूश होऊन गेली.

कौसाबाई मात्र उठेना. “बाई, यात लिवलंय, पहिल्या फादरांनी ही लायब्ररी गोरगरिबांसाठी बांधली. खरं का?”

“अगदी खरं,” म्हणत बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. “पण तुझं कार्ड कुठाय?”