प्रकार : कल्पित कथा

उनाइसीने चौथ्यांदा तेच शब्द टाइप केले : मासे, विषबाधा, इयत्ता सहावी, विज्ञान. शाळांसाठीच्या धड्यांच्या पोर्टलनेही चौथ्यांदा तेच दाखवलं. कागदाचं कासव कसं करावं, आणि कुठल्याशा थंड समुद्रातल्या माशाचं पोस्टर. खाली ठळक अक्षरांत, ‘ताजा मासा खा, निरोगी राहा.’

“शी!” म्हणत तिने कीबोर्ड ढकलून दिला.

दुपारी तीनला इथेच राजधानीत, सुव्यात, दोन इमारती पलीकडे, साकिउसा मास्तरांची चौकशी होती. कान्दावूच्या बाजूच्या एका बेटावर ते शिकवत. हे पोस्टर भिंतीला लावून त्यांनी वर्गातच मोठा तांबडा मासा शिजवला, आणि तोही बालोलोच्या दिवसांत, प्रवाळातले किडे वर येतात तेव्हा. अकरा पोरं दोन दिवस ओकत होती. गार पाणी प्यायलं तरी जीभ भाजतेय म्हणून रडत होती. पोरं वाचली, पण मास्तरांच्या नोकरीवर गदा आली. शिक्षण खातं म्हणत होतं, सावध करणारा धडा पोर्टलवर होता, तुम्ही शोधला नाहीत. मास्तर म्हणत होते, शोधला, नव्हता.

धडा उनाइसीनेच चढवला होता. त्या व्हिडिओत तिची आत्या ताराइवीनी गुडघाभर पाण्यात उभी राहून सांगते : किडे वर आले की प्रवाळाच्या कुठल्या बाजूचा, केवढा मासा खायचा नाही. कोण सांगतंय, कशाबद्दल, कुठल्या इयत्तेसाठी, ही सगळी नोंद उनाइसीने हाताने भरली होती.

“सापडला,” शेजारच्या टेबलावरून शैलेंद्र म्हणाला. पोर्टलची यंत्रणा तो सांभाळायचा. “शार्कदेवाच्या गोष्टीशेजारी बसलाय. प्रकार, कल्पित कथा. वय, सहा ते आठ.”

“मी विज्ञान लिहिलं होतं!”

“तुम्ही लिहाल हो मॅडम, पण मशीन स्वतःची अक्कल चालवतं ना. तुम्ही लिहिलंत, तोंडी सांगितलेलं. तोंडी म्हणजे परंपरा, परंपरा म्हणजे गोष्ट, गोष्ट म्हणजे कल्पित. एकाला एक जोडून दिलंय, ते साखळी धरून चालत सुटतं. आणि कल्पित म्हटलं की विज्ञानातून हकालपट्टी.”

“आणि ते पोस्टर?”

“ते छापील आहे. म्हणजे खरं.”

साठ वर्षं समुद्रात वावरलेली बाई खोटी, आणि हे चकचकीत कागदाचं चिटोरं खरं!

“कुठल्या गाढवाने जोडलं हे? त्याचं नाव दे मला.”

“प्रत्येक नियमाचा जन्मदाखला असतो,” शैलेंद्र हसत म्हणाला आणि त्याने तो उघडला. मग त्याचं हसू गेलं. त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

नांदी शहरातलं हॉटेल. पोर्टलच्या कार्यशाळेचा दुसरा दिवस. स्थानिक तज्ज्ञाची मान्यता : उनाइसी.

तिला सगळं आठवलं. यंत्रणा बसवायला लांबून आलेला पाहुणा, उन्हाने लाल झालेला, अगदी नम्रपणे विचारत होता : म्हाताऱ्या माणसांचं सांगणं गोष्टींखाली ठेवायचं ना? वयाने मोठी म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. हे चूक आहे हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण भरल्या सभेत पाहुण्याला तोंडावर नाही कोण म्हणतं? ती गोड हसली, मान डोलावली, आणि जेवणात लिंबू-नारळातले मासे दोनदा वाढून घेतले. आता तिला स्वतःचीच किळस आली. त्या हसण्याची तर जास्तच.

“हा कागद दाखवला की मास्तर सुटतात,” शैलेंद्र हळूच म्हणाला. “धडा झाकला गेला होता, हे तारखेसकट आहे यात. तुमचं नाव काढून छापतो.”

उनाइसीने नाही म्हटलं नाही. शैलेंद्रने नाव पुसलं. ती जागा लाल झाली.

“रिकामं चालत नाहीये. कुणाचं तरी लागतंय.” त्याने डोकं खाजवलं. “आत्यांचं टाकू? त्याही स्थानिक तज्ज्ञच की. त्या काय कॉम्प्युटर बघायला येणार आहेत?”

तो हे वाईट मनाने म्हणाला नव्हता. चांगला पोरगा होता, तिच्यासाठीच धडपडत होता. म्हणूनच तर तिला ते ऐकवेना.

“ऊठ,” ती म्हणाली. “ऊठ तिथून.”

त्याच्या खुर्चीत बसून तिने स्वतःचं नाव टाइप केलं. पुढे गाव टाकलं, घराणं टाकलं. कागद छापला, सही केली आणि शैलेंद्रच्या हातात दिला. “चौकशीच्या साहेबांच्या हातात दे. मास्तरांच्या देखत.”

तो गेल्यावर तिने गावी काकांना फोन लावला.

“काका, आपल्या घरातला व्हेलचा दात आहे ना अजून?”

तो दात उगाच कोणी काढत नाही; एकदा कुणापुढे ठेवला की तो त्या घरचा होतो.

“कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“लग्न ठरलं कुणाचं?”

“नाही काका. पदर पसरायला जायचंय.”

“कुणाचं चुकलं?”

“माझं.”

पलीकडे पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“कुणाकडे जायचं?”

“त्या पोरांच्या गावी. मास्तरांच्या घरी. आणि आत्याकडे.”

“पोरी,” काका म्हणाले, “आपल्याकडे एकच आहे.”